भेटल्यावर रडा लागते

आमच्या मानोऱ्याच्या आजूबाजूले बंजाऱ्यांचे जितके टांडे, म्हणजे वस्त्या, आहेत ना, त्यातल्या हरेक टांड्यात एक तरी पोट्टी पहाटे रोडनं पळताना दिसते. पोलीस भरतीसाठी. अन् आमच्या लोकांची खोड अशी, की पोट्टी बूट घालून आठवडाभर पळाली की तिचं नाव बंद. सारे तिले फौजदारीण म्हणतात. वर्दीचं कापड अजून दुकानात पडून आहे अन् इकडे सलाम चालू! "काय फौजदारीणबाई, आमच्या वावरातली मोटर चोरीले गेली, पाहा जरा." बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी. पोट्टी बिचारी हसते. हसणार नाही तर काय करन?

मी राजपाल. मानोरा ते वाशिम काळी-पिवळी जीप चालवतो. तोंडाचा फाटका आहे, हे साऱ्या रस्त्याले माहीत आहे. माझ्या गाडीत बसायचं तर कानात बोळे घालून बसा. पण आज जिची गोठ सांगतो ती माझ्यापेक्षा मोठ्या आवाजाची. जमनाबाई तिचं नाव.

जमनाबाईचा नवरा तरणाच गेला. लेकरू-बाळ नाही. तेव्हापासून ती भावाच्या घरी, टांड्यात. भाऊ रूपला अन् भावजय दिवाळी झाली की ऊसतोडीले जातात, ते थेट उन्हाळा लागल्यावर येतात. आधी जमनाबाईबी जाये. मंग कंबर धरली, मोळी उचलंना, तशी ती घरी राह्यली अन् भावाची लेकरं सांभाळू लागली. रेणू तिच्याच हाताखाली वाढली. रेणू तिले फूफी म्हणते, म्हणजे आत्या. पण आईच म्हणा ना तुमी.

अन् जमनाबाईचं रडणं! बाप्पा बाप्पा! आमी बौद्ध घरातली माणसं, आमच्यात असं काही नाही, म्हणून मले पहिल्यांदा लय विचित्र वाटलं होतं. बंजाऱ्यांच्या बायका लय दिवसांनी भेटल्या की आधी एकमेकींच्या गळ्यात पडतात अन् रडतात. साधं रडणं नाही, सुरात. एक जण गाण्यात इचारते, कुठं होतीस, कशी होतीस, मले इसरली का. मंग दुसरी तशीच रडत रडत जवाब देते. त्याले ते ढावलो म्हणतात. आमच्याइकडच्या साऱ्या टांड्यांत जमनाबाईसारखा ढावलो कोणाचाच नाही. लग्नात नवरी सासरी वाटी लावायची असली की तिले बलावणं येते.

ऊसतोडीवरून टोळी परत आली की माझ्याच जीपीत बसून टांड्यावर जाये. तिथं जमनाबाई उभीच. एकेक बाई उतरे, तिच्या गळ्यात पडे, अन् झालं सुरू. मांगच्या सवाऱ्या खोळंबून बसत. मी हॉर्न वाजवून वाजवून थके. "अवं जमनाबाई, आटपा ना! माणसं मेली का कोणाची?" मी वरडो. ती मान वळवूनबी पाहत नसे. अन् मजा अशी, की रडणं संपलं की लगेच पदरानं नाक पुसे अन् एकदम साध्या आवाजात इचारे, "तिकडं तेलाचा भाव काय व?" जसं काही झालंच नाही!

एकदा मी चिडून म्हटलं, "जमनाबाई, माणूस धडधाकट घरी आला तर हसा लागते. तुमी रडता काहून?"

ती म्हणे, "माणूस इतक्या दिवसांनी येते तर काही ना काही वझं घेऊनच येते राजपाल. बसायच्या आधी ते खाली ठेवा लागते. डोक्यावर घेऊन कोणी जेवाले बसते का?"

मी पुन्हा हॉर्न वाजवला.

तर रेणू. पोट्टी हुशार, पायानं तर हरणीसारखी. पहिल्या भरतीत थोडक्यात राह्यली. मंग रूपलानं तिले वाशिमच्या एका अकादमीत टाकलं. राहणं, खाणं, पळणं, अभ्यास, सारं तिथंच. चालवणारे मदनसिंग सर, फौजेतून रिटायर झालेले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. गरिबाच्या पोट्टीले फीसाठी कधी बाहेर काढलं नाही. पण कडक. त्यांचा एक नियम होता, मैदानात जी रडन तिले एक राउंड जास्त. "रोनेवाली पुलिस को कौन डरेगा?" असं म्हणत. पोट्ट्या मंग शिकल्या. पाय मुरगळला तरी ओठ दातात धरून उभ्या.

श्रावणात तीजेच्या सणाले रेणू घरी आली. माझ्याच जीपीतून. उतरली, जमनाबाई धावली, गळ्यात पडली अन् सूर लावला. रेणू नुसती उभी. हात खाली सोडलेले. जमनाबाई गाऊन थांबली, जवाबाची वाट पाहू लागली. रेणू म्हणे, "सोड फूफी. डोकं दुखून राह्यलं." अन् बॅग घेऊन सरळ घरात.

साऱ्या बाया पाहतच राह्यल्या. अहो, टांड्यात वैरीण भेटली तरी तिच्या गळ्यातून हात काढत नाहीत! झालं, उचलली जीभ लावली टाळ्याले. त्यातलीच चंदाबाई म्हणे, "नोकरीचा पत्ता नाही अन् आत्ताच चढली." खेमा नायक, टांड्याचा म्होरक्या, तोबी म्हणे, "शहराची हवा लागली पोरीले." तीजेसाठी गहू उगवलेल्या टोपल्यांभोवती साऱ्या पोट्ट्या नाचत होत्या, रेणू वट्ट्यावर बसून पाहत होती. तिच्या ताटातली भाकर तशीच होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

जमनाबाईच्या आलं. दुसऱ्या दिवशी रेणूले वाशिमले सोडून मी परतलो तर बाई रोडवर उभी. "राजपाल, गाडीत बोलली का ती?"

"नाही बोलली."

"झोपली?"

"खिडकीतून पाहत होती. डोळे टक्क उघडे."

"पोट्टी धड नाही रे," ती म्हणे. "चढलेली माणसं बोलतात. लय बोलतात. ही आत बंद झाली."

मले खरं सांगा लागते, मले काही तसं वाटलं नाही. वाटलं, अभ्यासाचा ताण असन. आपल्याकडं साऱ्यालेच ताण म्हणतात अन् मोकळे होतात. तेव्हापासून सारा टांडा एकच इचारे, रेणू भरतीत लागन का? अन् एकटी जमनाबाई इचारे, रेणू जिवानं वाचन का? तिच्या तोंडचा तो शब्द ऐकून मी एकदा डाफरलोबी, "असं अभद्र काहून बोलता?"

दिवाळी झाली. रूपला अन् भावजय ऊसतोडीले गेले. रेणूचा फोन यायचा, "मी ठीक आहे फूफी," अन् कट. दर वेळी तेच शब्द, तोच आवाज, मोबाइल कंपनीची बाई बोलते ना, तसा. भरतीचं मैदान, म्हणजे पळायची परीक्षा, जवळ येऊन राह्यलं होतं. एका रविवारी सकाळी जमनाबाई नवा घागरा घालून माझ्या जीपीत पुढच्या सीटवर येऊन बसली. हातात भाकरी अन् चटणीचं गाठोडं.

"कुठं?"

"वाशिम. भेटाले."

"फोन केला का?"

"फोनवर भेट होते का रे बह्याडा?"

अकादमीच्या गेटवर पोचलो तर मैदानात पोट्ट्यांची कसरत चालू होती. सरांनी रेणूले हाक मारली. ती आली. तीजेपासून निम्मी झाली होती पोट्टी. डोळ्याखाली काळं. जमनाबाईनं गाठोडं माझ्या हातात कोंबलं, पुढं झाली, रेणूच्या गळ्यात पडली अन् जो हंबरडा फोडला बाप्पा, समोरच्या पानटपरीवरचे माणसं रोड ओलांडून आले.

मैदानातली कसरत थांबली. मदनसिंग सर पळत आले, माझ्याजवळ उभे राह्यले अन् डोक्यावरची टोपी काढली. हळूच इचारलं, "कौन गुजर गया?"

"कोणी नाही सर."

"इसके पिताजी?"

"अहो सर, कोणीच नाही! भेटल्या म्हणून रडून राह्यल्या. ह्यांच्यात असंच असते."

सरांनी माझ्याकडं असं पाह्यलं जसं मीच बयताड आहे. मंग मागं वळले अन् हुकूम दिला, "लाइन बनाओ! सावधान! दोन मिनट मौन!" घ्या! साऱ्या पोट्ट्या रांगेत, माना खाली. जमनाबाई मधात सुरात रडून राह्यली, सर टोपी छातीशी धरून उभे, अन् मी चटणीचं गाठोडं घेऊन. मले हसू येऊन राह्यलं होतं, खोटं काहून बोलू?

पण ते हसू टिकलं नाही. रांगेतल्या एका पोट्टीनं हुंदका दिला. सपना तिचं नाव, रिठदची. तिनं दिला तशी बाजूची फुटली, मंग तिसरी. कोणासाठी रडून राह्यल्या, काही पत्ता नाही. मेलेलं तर कोणी नव्हतंच. आपापलंच रडत असतील. सरांच्या गळ्यात शिटी होती, तिले त्यांनी हातबी लावला नाही.

साऱ्या रडल्या. एक रेणू नाही रडली. खांबावानी उभी.

जमनाबाईचं इचारणं संपलं. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांची बोली मले बरीच समजते. कुठं होतीस माझ्या लेकी, कोणाच्या हातचं खाल्लं, कोणाच्या उशाशी झोपलीस, हे सारं तिनं इचारलं. आता रेणूचा जवाब यायले पाह्यजे. जमनाबाई थांबली. जवाब नाही. तिनं रेणूची पाठ थोपटली, पुन्हा थांबली. नाही.

मंग जमनाबाईनं जे केलं ते मी कधीच पाह्यलं नव्हतं. तिनं रेणूचा जवाबबी स्वतःच गायले सुरुवात केली. माहेरवाशीण जसं सांगते तसं, रेणूच्या तोंडचं. मी सुखात आहे फूफी. माझ्या ताटात तूप आहे फूफी. मैतरणी भल्या आहेत. पडल्या पडल्या मले झोप लागते फूफी...

"नाही," रेणू म्हणे.

जमनाबाईनं सूर तोडला नाही. पडल्या पडल्या झोप लागते, सकाळी कोंबड्याच्या आधी...

"नाही लागत फूफी!" पोट्टी एकदम वरडली. "नाही लागत झोप! काहून खोटं गाऊन राह्यली तू? किती दिवस झाले, नाही झोपली मी. घास गिळत नाही. पळताना पाय कोणाचे आहेत तेच समजत नाही. सारे फौजदारीण म्हणतात अन् मले वाटते, ह्या बारीनं नाही लागली तर मी टांड्यात कशी येऊ? मले सकाळी उठूच नोये असं वाटते फूफी. कायमचंच उठू नोये."

रडत नव्हती. हजेरी देल्यासारखी सांगत होती. म्हणून जास्त भेव वाटलं मले.

जमनाबाईचा सूर बंद झाला. जिले मी हॉर्न वाजवून कधी थांबवू शकलो नाही, ती गप्प. तिथंच गेटजवळ मातीत बसली अन् रेणूले ओढून मांडीवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोट्टीले. म्हणे, "अजून सांग. सारं सांग. मी कुठं जात नाही."

पोट्टी बोलत गेली. थोडं त्यांच्या बोलीत, थोडं आपल्या. सर जवळ येऊन उकिडवे बसले. लय वेळानं त्यांनी इचारलं, "बेटा, मले काहून नाही सांगतलं?"

"सर, तुमी राउंड देले असते."

सरांनी मान खाली घातली. मंग म्हणे, "अन् डॉक्टरले?"

"डॉक्टरकडं गेलं की नाव लागते. मेडिकलले अनफिट करतात."

"कोण म्हणते?"

रेणूनं रांगेकडं पाह्यलं. रांगेतल्या साऱ्यांनी एकमेकींकडं पाह्यलं. कोण म्हणते ते एकीलेबी माहीत नव्हतं. पण साऱ्याच मानून बसल्या होत्या अन् साऱ्याच गप्प होत्या. मले असा राग आला सांगू! कोणावर ते समजत नव्हतं, म्हणून मी पानटपरीवाल्यांवर काढला. "तमाशा आहे का इथं? चला निंगा!"

सर उठले, टोपी घातली. "गलती मेरी है," म्हणे. "रोनेवाली को राउंड, ये गलत था. पलटणीत आमचा एक जोडीदार असाच गप्प गप्प राहे. आमी त्याले मर्द म्हणत होतो." पुढं काय झालं ते त्यांनी सांगतलं नाही, अन् मी इचारलं नाही. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडं उद्या सकाळी स्वतः घेऊन जातो, असं ते म्हणे.

मले वाटलं, जमनाबाई नाही म्हणन. भगत, अंगारा असं काहीतरी काढन. पण बाई म्हणे, "हो, दवाखाना पाहाच लागन. हे नुसतं रडून जाणारं नाही. पण आज मी हिले घरी नेतो. रात्रभर जवळ राहतो. राजपाल सकाळी आणून देईन."

मले इचारलंबी नाही! पण मी कुठं नाही म्हणणार होतो.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाले घोर नको. सोमवारी आमी गेलो. डॉक्टरीणबाई चांगली. घाई नाही, भाषण नाही. गोळ्या देल्या, दर आठवड्याले बोलावलं. रेणूनं मैदानाचं इचारलं तर म्हणे, "आधी बरी हो. मैदान काही पळून जात नाही." ती भरती रेणूनं सोडली. टांड्यात कुरकुर झाली. मी माझ्या तोंडाचा तेव्हा चांगला उपयोग केला. खेमा नायकाले भर चौकात म्हटलं, "पोट्टी पाह्यजे का फौजदारीण पाह्यजे, एकदा ठरवा." रूपला तोडीवरून फोनवर रडला अन् म्हणे, नोकरी गेली खड्ड्यात. अकादमीत आता संध्याकाळी सर पोट्ट्यांसोबत मैदानात बसतात अन् एकेकीले इचारतात, झोप लागते का. सपनानं सांगतलं, ती अन् अजून एक जण डॉक्टरीणबाईकडं जाऊन आल्या. रेणूच्या गोळ्या अजून चालू आहेत. मधात दोन-चार दिवस वाईटबी जातात. पण पळाले लागली पुन्हा. पुढच्या भरतीत लागन का, मले माहीत नाही. लागली तर पेढे माझ्याकडून.

पण मले सांगायचं होतं ते त्या रविवारचं.

वाशिम सोडलं. मांगच्या सीटवर रेणू, जमनाबाईच्या मांडीवर डोकं. शेलूबाजाराच्या आधीच मी आरशात पाह्यलं तर पोट्टीचं तोंड उघडं, श्वास लांब. झोपली होती! जमनाबाईनं मले बोटानं खूण केली, हळू. आता माझी गाडी अन् हळू? पण मी अशी चालवली की म्हातारा सायकलवाला मले मांगं टाकून गेला. मंगरुळपीरले सवाऱ्यांनी हात दाखवले, शिव्या देल्या, मी थांबलो नाही. हॉर्न तर वाजवलाच नाही. म्हशी आडव्या आल्या तर उतरून हाकलल्या.

टांड्यावर पोचलो तर बाया धावत आल्या. चंदाबाई सगळ्यात पुढं, हात पसरलेले, तोंड उघडलेलं, सूर गळ्यापर्यंत आलेला. जमनाबाईनं खिडकीतून हात वर केला. चंदाबाईनं आत डोकावलं. पोट्टीचा चेहरा पाह्यला, डोळ्याखालचं काळं पाह्यलं, अन् तो आलेला सूर गिळला. पदर तोंडावर धरून उभी राह्यली. मंग तिनंच बाकीच्या बायांना मागं लोटलं, लेकरांना हाकललं, कोणाचा तरी रेडिओ बंद करवला.

मी जीप लिंबाखाली सावलीत लावली अन् चावी खिशात घातली. त्या दिवशीच्या फेऱ्या बोंबलल्या. बोंबलू द्या. ऊन कललं, सावली सरकली, तसं चंदाबाईनं खिडकीले लुगडं बांधलं. जमनाबाईची कंबर दुखते हे मले माहीत होतं. म्हटलं, "जरा पाय हलवा तरी." तिनं मान हलवून नाही म्हटलं.

दिवस बुडायले आला तशी रेणू उठली. कुठं आहे ते तिले समजंना. माझ्याकडं पाह्यलं, लुगड्याकडं पाह्यलं. मंग म्हणे,

"फूफी, भूक लागली व."

जमनाबाई रडली. साऱ्या टांड्यासाठी सुरात रडणारी बाई, अन् त्या वेळी तिच्या तोंडून ना सूर निघाला ना शब्द. नुसती गदगदा हलत होती, हात कुठं ठेवावा ते तिले समजत नव्हतं. मी तोंड फिरवून काच पुसत बसलो, काच स्वच्छच होती. मांगून रेणूचा आवाज आला. तीबी रडत होती आता, अन् फूफीची पाठ थोपटत होती.

"उगी राहा व फूफी. भाकर दे ना. चटणी आणली होती ना तू?"